वीस मिनिटं

सडबरीच्या उत्तरेला, तलावाकाठच्या रस्त्यावर
मी शाळेची बस चालवते.
एकोणतीस मुलं, सतरा थांबे, सहा संडास.
थांबे शाळेच्या नकाशावर आहेत.
संडास माझ्या.

पहिला पेट्रोल पंपावर, किल्ली लाकडी ठोकळ्याला बांधलेली.
दुसरा चर्चच्या तळघरात, दिव्याचं बटण दाराबाहेर.
तिसरा गोठलेल्या तळ्यावर, मासे धरणाऱ्यांच्या खोपट्यांमागे.
त्याबद्दल न बोललेलं बरं.

पूर्वी लोक म्हणायचे,
रायली सगळं पोटात ठेवते.
खरंच होतं ते.
नवऱ्याचं निघून जाणं ठेवलं,
निकेलच्या खाणीतल्या भावाचं कर्ज ठेवलं,
वर रात्री एक अख्खा पाव ठेवला, लोण्यासकट.
आता सर्जनने लिंबाएवढं शिल्लक ठेवलंय.
त्यात काय काय ठेवू?

कोंबडीचा तुकडा घाईत गिळला
तर छातीच्या हाडामागे येऊन बसतो,
बूट न काढता सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यासारखा.
बोलत नाही, उठत नाही.
मी सिंकपाशी उभी, तोंडाला फेस,
घड्याळ बघत.

अठ्ठावन्न किलो गेले.
दुकानात कुणी ना कुणी थांबवून म्हणतं, किती छान दिसतेस!
मी थँक यू म्हणते,
ढुंगण आवळून उभी राहते,
आणि रांग पुढे सरकायची वाट बघते.

पस्तावा होतो का, हेही विचारतात.
गुडघे म्हणतात, नाही.
फ्रिजच्या दारात इन्सुलिनची पेनं असायची,
तिथे आता मोहरीची बाटली आहे. तीही म्हणते, नाही.
पोटाला विचारलं तर ते गुरगुरतं.
सौनात आता मी एकटीच बसते.
मैत्रिणी या म्हणतात. मीच जात नाही.

रविवारी आईकडे.
ती शस्त्रक्रियेला ‘तो प्रकार’ म्हणते,
आणि पुल्ला भाजते,
वेलदोड्याचा, वेणी घातलेला, वर साखरेचे खडे.
पहिल्यांदा बोटाएवढा जाड काप दिला.
मग पेन्सिलीएवढा.
मग इतका पातळ की त्यातून खिडकी दिसावी.
नाही म्हणायला जीभ रेटेना.
खाल्ला.

वीस मिनिटं लागतात.
एकोणिसाव्या मिनिटाला मी अजून हसत होते.
मग काळजाने धाव घेतली,
घामाने पाठ भिजली,
आणि खाली, आतड्यांत, कुणीतरी टेबलं सरकवू लागलं.
मी आईच्या न्हाणीघरात, गार फरशीवर गाल टेकून पडले.
दाराबाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज.
नंतर विणायच्या सुयांचा.
ती काही बोलली नाही.
मी बाहेर आले तेव्हा मोज्याची टाच पूर्ण झाली होती.

पुढच्या रविवारी पुल्ल्यात साखर नव्हती.
भयंकर लागत होता.
मी एकेक घास पंचवीस वेळा चावत होते,
नियमच आहे तसा,
आणि समोर आईही चावत होती,
कवळी सांभाळत, माझ्याच चालीने.
दोन गाई, एक टेबल, बाहेर उणे एकवीस.
‘ओल्या लोकरीसारखा झालाय,’ ती म्हणाली,
आणि दुसरा काप घेतला.

सोमवारी बसमध्ये, सातव्या थांब्यानंतर,
पोटाने तोंड उघडलं.
ओदिल माझ्या मागच्याच सीटवर बसते, सहा वर्षांची,
पुढचे दोन दात नाहीत.
तिने वाकून विचारलं, बसमध्ये अस्वल आहे?
आहे, मी म्हटलं. झोपलंय. उठवू नकोस.
ती मागे वळली,
ओठांवर बोट ठेवून,
आणि पार शेवटच्या सीटपर्यंत
सगळी बस चिडीचूप.

पेट्रोल पंप अजून चार किलोमीटर होता.
त्या शांततेत तर
ते आणखीच मोठ्याने गुरगुरलं.